वीज कोणाच्या मालकीची आणि कार्यक्षमता कोणाच्या फायद्याची?

खाजगीकरणाच्या समर्थकांचे एक आवडते वाक्य आहे. सरकारी म्हणजे भ्रष्ट, आळशी आणि तोट्यातले. खाजगी म्हणजे चोख, चपळ आणि फायद्यातले. गेली तीस-पस्तीस वर्षे हे वाक्य इतक्या वेळा आमच्या कानावर आदळले आहे की आमच्या चळवळीतील शिकलेली मुलेही ते आता विचार न करता उच्चारू लागली आहेत. दुसऱ्या बाजूला आपल्यातलेच काही कार्यकर्ते सरकारी तेवढे पवित्र आणि खाजगी तेवढे पाप, एवढ्यावरच भाषण संपवितात. आमच्या मते ही दोन्ही वाक्ये अर्धवट आहेत. पुरावा तपासल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, ही वकिली व्यवसायाची पहिली शिकवण आहे आणि बुद्धीच्या कसोटीवर घासूनच काय ते स्वीकारायचे, ही आमच्या परंपरेची शिकवण आहे. म्हणून वीज उद्योगात पैसा कोणी गुंतविला, मालक कोण झाला आणि त्यामुळे कार्यक्षमता वाढली की घटली, याचा पुरावाच आम्ही आज वाचकांपुढे ठेवणार आहोत.

विजेचाच विषय का, असे कोणी विचारील. वीज ही आता चैन राहिलेली नाही. वस्तीतल्या मुलीचा अभ्यास, पिठाची गिरणी, यंत्रमाग, पाण्याचा पंप, दवाखान्यातील शीतपेटी हे सारे तिच्यावर चालते. तिची मालकी म्हणजे आमच्या जगण्याच्या चावीची मालकी होय.

बाबासाहेबांनी विचारलेला प्रश्न

आजच्या पिढीतील फार थोड्यांना ठाऊक आहे की हा प्रश्न या देशात अधिकाराच्या खुर्चीवरून स्पष्टपणे विचारणाऱ्यांत परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर अग्रभागी होते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या खात्याकडे केवळ कामगार नव्हते, तर वीज आणि पाटबंधारेही होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये युद्धोत्तर वीजविकासासाठी नेमलेल्या धोरण समितीसमोर बोलताना त्यांनी थेट विचारले होते की वीज खाजगी मालकीची असावी की राज्याच्या मालकीची? आणि खाजगी मालकीची असायची तर जनतेच्या हिताच्या रक्षणासाठी कोणत्या अटी घालाव्या लागतील?

बांधवांनो, प्रश्नाची मांडणी बघा. बाबासाहेबांनी आधी उत्तर ठरवून प्रश्न विचारला नव्हता. वीज खात्रीची हवी, स्वस्त हवी आणि भरपूर हवी, ही त्यांची कसोटी होती. औद्योगिकीकरणाशिवाय इथल्या गरिबाची दारिद्र्याच्या चक्रातून सुटका नाही आणि विजेशिवाय औद्योगिकीकरण नाही, अशी त्यांची विचारसाखळी होती. जी मालकी या कसोटीला उतरेल ती योग्य. पुढे १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले, दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी झाली, आणि १९४८ चा वीजपुरवठा कायदा होऊन राज्य वीज मंडळांची वाट मोकळी झाली. १९४७ साली घटना समितीसाठी लिहिलेल्या निवेदनात तर मूलभूत उद्योग राज्याच्याच मालकीचे असावेत, आणि ही गोष्ट बदलत्या सरकारच्या मर्जीवर न सोडता घटनेतच लिहावी, असे त्यांनी सुचविले होते.

हा आग्रह कोठून आला? अनुभवातून आला. त्या काळातील वीज बहुतांशी खाजगी भांडवलाची होती. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले, मुंबईच्या गिरण्या त्यावर फिरल्या, आणि पुढे मुळशीच्या धरणात जमिनी गेलेल्या मावळ्यांना सत्याग्रह करावा लागला. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ते काम उत्तम होते हे कोणी नाकारू नये. पण वीज गिरणीपर्यंत गेली, ट्रामपर्यंत गेली, श्रीमंतांच्या बंगल्यापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. १९४७ साली साऱ्या देशाची स्थापित क्षमता सुमारे १,३६२ मेगावॅट होती आणि वीज पोहोचलेली गावे दीड हजारांच्या आसपास. जिथे परतावा नाही तिथे खाजगी खांब गेला नाही. त्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता, तो हिशेब होता. गुंतवणूकदाराच्या वहीत गावकुसाबाहेरच्या वस्तीचा रकाना नव्हता.

राज्य वीज मंडळे आली तेव्हा तो रकाना उघडला. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि पुढच्या तीन-चार दशकांत खांब गावात गेले. कोराडी, पारस, परळी, भुसावळ, चंद्रपूर येथील औष्णिक केंद्रे सार्वजनिक पैशातून उभी राहिली. हे श्रेय सार्वजनिक मालकीचे आहे. पण त्या खांबावरची तार आमच्या वस्तीत मात्र सर्वांत शेवटी आली, हेही तितकेच खरे आहे. मालक सरकार असले तरी सरकारात कोण बसले आहे, याचा प्रश्न उरतोच.

भांडवलाचा परतावा आणि कार्यक्षमता

आता विजेच्या हिशेबातली एक गुंतागुंत सोपी करून सांगतो, कारण ती कळल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही.

वीज हा एकाधिकाराचा धंदा आहे. एका गल्लीत पाच कंपन्यांच्या तारा टाकणे परवडत नाही. म्हणून दर बाजार ठरवीत नाही, नियामक आयोग ठरवितो. तो खर्च मोजतो आणि वर भांडवलावर ठराविक परतावा देतो. केंद्रीय आयोगाने वीजनिर्मितीसाठी अनेक वर्षे भागभांडवलावर साडेपंधरा टक्के परतावा धरला होता. समजा, एका प्रकल्पाला १०० कोटी लागले. त्यातले ७० कोटी कर्ज, ३० कोटी मालकाचे. ३० कोटींवर साडेपंधरा टक्के म्हणजे वर्षाला ४ कोटी ६५ लाख. आता तेच काम कोणी काटकसरीने ८० कोटींत केले तर मालकाचे भांडवल २४ कोटी आणि परतावा ३ कोटी ७२ लाख. म्हणजे काटकसर करणाऱ्याचा परतावा कमी आणि उधळणाऱ्याचा जास्त!

अमेरिकेतील एव्हर्च आणि जॉन्सन या अर्थतज्ज्ञांनी १९६२ मध्येच हे दाखवून दिले होते की परताव्याची हमी दिली की कंपनी गरजेपेक्षा जास्त भांडवल ओतू लागते. हा रोग खाजगी कंपनीलाही होतो आणि सरकारी कंपनीलाही. फरक एवढाच की सरकारी कंपनीचा जादा परतावा निदान कागदावर तरी तिजोरीत परत येतो. खाजगीचा भागधारकाच्या खिशात जातो. बिल भरणारा मात्र दोन्हीकडे तोच.

दाभोळ : गुंतवणुकीची हमी, जनतेची फसगत

हा रोग किती भयंकर रूप घेतो ते महाराष्ट्राने पाहिले आहे. जून १९९२ मध्ये एन्रॉन या अमेरिकन कंपनीशी सामंजस्य करार झाला आणि डिसेंबर १९९३ मध्ये विद्युत मंडळाने वीजखरेदीचा करार केला. एन्रॉनबरोबर जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या कंपन्या होत्या. स्पर्धात्मक निविदा नव्हती. हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या टिकाऊ नाही असे जागतिक बँकेनेही १९९३ मध्ये कळविले होते. तरीही करार झाला. कराराचा गाभा असा की वीज घ्या अगर न घ्या, क्षमतेचा आकार भरावाच लागेल. रुपया घसरला तर त्याचा भार मंडळावर. इंधन महागले तर तेही मंडळावर. आणि मंडळाने पैसे बुडविले तर राज्य आणि केंद्र सरकार हमीदार. म्हणजे मालकी खाजगी आणि जोखीम सार्वजनिक!

१९९५ मध्ये युती सरकारने अरबी समुद्रात बुडविण्याच्या गर्जना करून तो करार रद्द केला आणि १९९६ मध्ये वाटाघाटी करून आणखी मोठ्या प्रकल्पाला मान्यता दिली. तेरा दिवसांच्या केंद्र सरकारने जाण्यापूर्वी मे १९९६ मध्ये प्रतिहमी मंजूर केली. मे १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याची ७४० मेगावॅटची वीज सुरू झाली. २००० सालच्या उत्तरार्धात तिचा दर युनिटला सात रुपयांच्या वर गेला. २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबविले, प्रकल्प बंद पडला, आणि डिसेंबर २००१ मध्ये खुद्द एन्रॉनने अमेरिकेत दिवाळे काढले. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या सार्वजनिक कंपन्यांना पुढे करून तो प्रकल्प उचलावा लागला. भारतीय बँका आणि वित्तसंस्थांचे पैसे त्यात अडकले होते ते वेगळेच. गुहागर तालुक्यात विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर जे अत्याचार झाले, त्यावर ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने १९९९ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला.

दाभोळची यंत्रे वाईट नव्हती. वायूवर चालणारी ती आधुनिक यंत्रे होती. मग अकार्यक्षमता कोठे होती? ती करारात होती. ज्याला तोटा होऊच शकत नाही त्याला काटकसर करण्याचे कारणच उरत नाही. स्पर्धेचे आणि जोखमीचे गोडवे गाणाऱ्या भांडवलशाहीने महाराष्ट्रात येताच पहिली मागणी केली ती जोखीम नको, हमी द्या, अशी! आरक्षणाला कुबडी म्हणणाऱ्यांनी या कुबडीला कधी कुबडी म्हटलेले आम्ही ऐकले नाही.

याच एन्रॉनचे दुसरे रूप कॅलिफोर्नियात दिसले. तिथे १९९८ पासून वीजबाजार खुला झाला आणि २०००-२००१ मध्ये वीजटंचाई, अंधार आणि भडकलेले दर आले. एन्रॉनसह व्यापारी कंपन्यांनी बाजारात हेराफेरी केल्याचे पुढे उघड झाले. एप्रिल २००१ मध्ये तिथल्या एका बलाढ्य खाजगी वीज कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. त्याच राज्यातील लॉस एंजेलिस शहराची वीज मात्र महापालिकेच्या मालकीची होती आणि तिने स्वतःची निर्मितिकेंद्रे विकली नव्हती. शेजारी अंधार असताना त्या शहरात भारनियमन झाले नाही.

भिवंडी यशस्वी, जळगाव अपयशी : एकच खाजगीकरण, दोन निकाल

इथवर वाचून कोणी म्हणेल की खाजगीने कधीच काही चांगले केले नाही, असे तुमचे म्हणणे दिसते. तसे म्हटले तर आम्हीही अर्धवट पुरावा दिल्यासारखे होईल. म्हणून भिवंडी घ्या.

यंत्रमागांच्या या शहरात विजेची गळती आणि बुडीत वसुली मिळून ५८ टक्क्यांच्या आसपास नुकसान होते. म्हणजे शंभर युनिट पाठविले तर बेचाळीस युनिटांचेच पैसे परत येत. जानेवारी २००७ मध्ये महावितरणने हे शहर फ्रँचायझी म्हणून टोरंट पॉवरकडे दिले. जुने मीटर बदलले गेले, नव्या डीपी बसल्या, तारा बदलल्या आणि चार-पाच वर्षांत नुकसान वीस टक्क्यांच्या खाली आले. बिलांबद्दल तक्रारी झाल्या, मोर्चे निघाले, तरी आकडा खाली आला हे नाकारता येत नाही.

का आला? करारामुळे. महावितरण शहराच्या वेशीवर जेवढे युनिट देई तेवढ्याचे ठराविक पैसे कंपनीने भरायचे. आत एक युनिट गळाले तर तो तोटा कंपनीचा. म्हणजे दाभोळच्या नेमके उलट. इथे मालकी तारांची सार्वजनिकच राहिली, पण गळतीची जोखीम कंपनीच्या अंगावर आली.

मग याच नमुन्याने सारे प्रश्न सुटले काय? २०११ मध्ये नागपूरचा काही भाग, औरंगाबाद आणि जळगाव ही शहरे अशाच पद्धतीने वेगवेगळ्या कंपन्यांना दिली गेली. औरंगाबादचा करार २०१४ मध्ये संपुष्टात आणावा लागला, जळगावचा २०१५ मध्ये, आणि नागपूर २०१९ मध्ये महावितरणकडे परत आले. खाजगी मालक तोट्यात गेला की निघून जातो. सार्वजनिक कंपनीला निघून जाता येत नाही. अंधार करून पळून जाण्याचा अधिकार तिला नाही.

ओरिसाचा अनुभवही असाच. सुधारणांच्या वाटेवर सर्वांत आधी धावलेल्या त्या राज्याने १९९९ मध्ये वितरण खाजगी कंपन्यांना विकले. त्याच वर्षी महाचक्रीवादळ आले आणि मध्य भागाचे वितरण घेतलेली अमेरिकन कंपनी २००१ मध्ये सोडून गेली. उरलेल्या तीन कंपन्यांचे परवाने गुंतवणूक व कामगिरी अपुरी म्हणून २०१५ मध्ये आयोगाने रद्द केले. २०२०-२१ मध्ये पुन्हा नवा खाजगी भागीदार आणावा लागला. वीस वर्षे एका राज्याची जनता प्रयोगशाळेतला उंदीर झाली.

आणि मुंबई? मुंबई तर जिवंत प्रयोगशाळाच आहे. बेट शहरात महापालिकेची बेस्ट, उपनगरात आधी बीएसईएस, मग रिलायन्स आणि २०१८ पासून अदानी, शिवाय टाटा, आणि भांडुप-मुलुंडकडे सरकारी महावितरण. उपनगरातल्या खाजगी कंपनीची गळती कमी आहे, ती एक आकडी आहे, असे कौतुकाने सांगितले जाते. पण १९४७ पासून महापालिकेच्या मालकीच्या असलेल्या बेस्टची गळतीही एक आकडीच आहे, हे सांगायला हे लोक विसरतात. दाट वस्ती, जमिनीखालच्या केबल, दुकाने आणि कार्यालये यांचा मोठा खप, एवढे असले की गळती कमीच राहते, मालक कोणीही असो. वर्षानुवर्षे बेस्टच्या वीज विभागातल्या शिल्लकीतून बसची तूट भरली गेली. गिरणी कामगार आणि कारकून स्वस्तात फिरले. खाजगीत तीच शिल्लक लाभांश झाली असती. ही शिल्लक ताळेबंदात दिसते, पण कामगाराच्या वाचलेल्या बसभाड्याचा रकाना कोणत्याही कार्यक्षमतेच्या तक्त्यात नसतो.

तेव्हा तुलना करायची तर बेस्टची अदानीशी करा. महावितरणच्या मेळघाटातल्या तारेची तुलना अंधेरीच्या केबलशी करणे हा अप्रामाणिकपणा आहे. निर्मितीतही तसेच. १९७५ मध्ये स्थापन झालेली एनटीपीसी ही सार्वजनिक कंपनी आहे आणि तिची केंद्रे वर्षानुवर्षे देशाच्या सरासरीपेक्षा जास्त क्षमतेने चालली आहेत. सार्वजनिक म्हणजे अकार्यक्षम, हे सूत्र एकट्या एनटीपीसीने खोटे पाडले आहे. तसेच सहकारी म्हणजे लोकांचे, हे सूत्र आमच्याच राज्यातील मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेने खोटे पाडले. ग्राहकांच्या मालकीची म्हणून मिरविलेली ही संस्था महावितरणची मोठी थकबाकी ठेवून बसली आणि २०११ मध्ये तिचा परवाना संपताच ते क्षेत्र महावितरणकडे आले. नावाने मालक हजारो सभासद होते, पण नियंत्रण कोणाचे होते ते त्या भागातील शेतमजुराला विचारा.

दिल्लीचा धडा : पैसा जनतेचा, हिशेब कोणाचा?

खाजगीकरणाचे सर्वांत यशस्वी उदाहरण म्हणून दिल्ली सांगितली जाते. जुलै २००२ मध्ये तिथे वितरणाचे ५१ टक्के भाग खाजगी कंपन्यांना दिले, ४९ टक्के सरकारकडे राहिले. पन्नास टक्क्यांवरचे नुकसान पुढील काळात एक आकडी झाले. हे यश खरे आहे. पण ते फुकट आलेले नाही. संक्रमणकाळासाठी सरकारने सुमारे ३,४५० कोटींचा आधार दिला आणि जुनी देणी कंपन्यांच्या माथी न मारता सरकारी कंपनीकडे ठेवली. हेच साहाय्य आणि हेच स्वच्छ ताळेबंद सरकारी मंडळाला दिले असते तर काय झाले असते, हा प्रयोग मात्र कोणी केला नाही. शिवाय दरात न बसलेला खर्च वर्षानुवर्षे पुढे ढकलून हजारो कोटींची येणी ग्राहकांच्या डोक्यावर साचली आहेत आणि ती ठराविक मुदतीत फेडलीच पाहिजेत असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये बजावले आहे. आजच्या कार्यक्षमतेचे बिल उद्याच्या ग्राहकाला लावले गेले आहे.

त्याहून गंभीर गोष्ट कायद्याची आहे. दिल्ली सरकारने २०१४ मध्ये या कंपन्यांचे हिशेब महालेखापरीक्षकांकडून तपासण्याचा आदेश काढला. उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१५ मध्ये तो रद्द केला. ४९ टक्के भांडवल जनतेचे, पण वही उघडायला जनतेचा लेखापरीक्षक चालत नाही! मालकी बदलली की केवळ नफ्याची दिशा बदलत नाही, प्रश्न विचारण्याचा अधिकारही बदलतो.

इथेच आमच्या समाजाचा प्रश्न उभा राहतो. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान वीज मंडळ विरुद्ध मोहनलाल या खटल्यात निर्णय दिला की वीज मंडळ हे घटनेच्या कलम १२ खाली 'राज्य' आहे. त्या एका शब्दाचा अर्थ असा की मंडळावर मूलभूत हक्क बंधनकारक झाले, समान संधी बंधनकारक झाली, आणि कलम १६ (४) प्रमाणे आरक्षण देता आले. त्यातून आमच्या पहिल्या पिढीचे वायरमन, लाईनमन, कारकून आणि अभियंते घडले. ज्या गावात आमच्या माणसाला पाणवठ्यावर येऊ दिले जात नव्हते, त्या गावात आमचा लाईनमन खांबावर चढून साऱ्या गावाचा दिवा लावू लागला. ही नोकरी नव्हती, ती सामाजिक क्रांती होती. तार खाजगी मालकाकडे गेली की कलम १६ (४) तिथपर्यंत पोहोचत नाही.

परंतु सार्वजनिक मालकीच्या नावाखाली काय चालले आहे तेही बघा. २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण, महावितरण आणि सूत्रधारी अशा कंपन्या झाल्या. कंपन्या सरकारीच आहेत, पण खांबावर चढणारा मुलगा आज बऱ्याच ठिकाणी कंत्राटदाराचा आहे. त्याला ना आरक्षण, ना निवृत्तिवेतन. पाटी सरकारी आणि कारभार कंत्राटी. जानेवारी २०२३ मध्ये समांतर परवान्याच्या विरोधात तिन्ही कंपन्यांचे कर्मचारी संपावर गेले आणि खाजगीकरण करणार नाही असे आश्वासन सरकारला द्यावे लागले. त्या लढ्याला आमचा सलाम आहे. पण संघटनांनी कंत्राटी भावाचा प्रश्न त्याच आवाजात मांडला पाहिजे, नाहीतर खाजगीकरण पुढच्या दाराने नव्हे, मागच्या दाराने केव्हाच घरात आलेले असेल.

कार्यक्षमतेची शिक्षा गरिबालाच का?

महावितरणकडे आज सुमारे तीन कोटी ग्राहक आहेत. तिची गळती मोजायची कशी? शेतीपंपांना अनेक ठिकाणी मीटर नाही. मग शेतीचा खप अंदाजाने लिहिला जातो, आणि चोरी कारखान्याने केली तरी ती शेतकऱ्याच्या नावावर जिरते. आयोगाने नेमलेल्या कार्यगटाच्या अभ्यासातूनही शेतीचा खप फुगविला गेल्याचे पुढे आले. जिथे मोजमापच खोटे, तिथे मालक बदलून काय होणार?

भारनियमनाच्या काळात तर कमाल झाली. ज्या भागात गळती जास्त आणि वसुली कमी त्या भागात अंधार जास्त, असे गट पाडले गेले. वरवर हे न्याय्य वाटते. पण बिल नियमित भरणाऱ्या विधवेचे घर आकडे टाकणाऱ्या दांडग्याच्या फीडरवर असेल तर तिनेही अंधारात बसायचे! एकाच्या गुन्ह्याची शिक्षा साऱ्या वस्तीला देणे, ही पद्धत या देशाला नवी नाही आणि आम्हाला तर मुळीच नवी नाही. कायद्याच्या राज्यात शिक्षा व्यक्तीला होते, वस्तीला होत नाही. वसुली म्हणजेच कार्यक्षमता, ही व्याख्या मान्य केली की गरिबाची वस्ती आपोआप 'नुकसान' ठरते, मालक सरकार असो वा शेठ असो.

काय करायचे?

साऱ्या पुराव्यावरून आमचा निष्कर्ष असा. मालकीचा फलक बदलल्याने कार्यक्षमता येत नाही. तोटा कोणाच्या अंगावर येतो, मोजमाप खरे आहे काय, आणि हिशेब विचारण्याचा अधिकार कोणाकडे आहे, या तीन गोष्टींनी ती येते. या तीन गोष्टी साधल्या तर सार्वजनिक कंपनी उत्तम चालते, याचे पुरावे वर दिले आहेत. त्याशिवाय सार्वजनिक मालकीतच आरक्षण, सामाजिक न्याय आणि शेवटच्या घरापर्यंत जाण्याचे बंधन टिकते. म्हणून आम्ही सार्वजनिक मालकीच्या बाजूने आहोत. भ्रष्ट कारभाराच्या बाजूने नव्हे.

यासाठी कार्यकर्त्यांनी केवळ मोर्चे काढून भागणार नाही. २००३ चा वीज कायदा वाचला पाहिजे. कलम ६४ प्रमाणे दर ठरविण्यापूर्वी आयोगाला जनतेच्या हरकती आणि सूचना विचारात घ्याव्या लागतात. या सुनावणीला उद्योजकांच्या संघटना वकील घेऊन हजर असतात. आमच्या किती संघटना हजर असतात? कलम ४३ प्रमाणे मागणी करणाऱ्याला वीज देणे हे परवानाधारकाचे कर्तव्य आहे, मग तो खाजगी असो वा सरकारी. कलम ५६ प्रमाणे पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय थकबाकीसाठी वीज तोडता येत नाही. कलम ४२ खाली ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहे. तिथे वकील लागतोच असे नाही.

आमच्या वकिलीत वस्तीतली माणसे अव्वाच्या सव्वा सरासरी बिले घेऊन येतात. कार्यालयात हेलपाटे घालून थकलेली असतात. त्यांतल्या बहुतेकांनी एकही अर्ज लेखी दिलेला नसतो, दिला तर पोच घेतलेली नसते. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते, पोच घेतलेला अर्ज कायद्यात उभा राहतो. प्रत्येक विहारात, प्रत्येक वाचनालयात महिन्यातून एक रविवार वीजबिलांच्या तपासणीसाठी ठेवला तर शिकलेल्या तरुणांना काम मिळेल आणि वस्तीला आधार मिळेल.

आणि सरकारकडे आमच्या मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक फीडर आणि प्रत्येक डीपीवर खरे मोजमाप करा आणि ते जाहीर करा. सामूहिक अंधाराची शिक्षा बंद करा. जिथे जनतेच्या तारा किंवा जनतेचे भांडवल कोणा कंपनीच्या हाती दिले जाईल, तिथे माहितीचा अधिकार, महालेखापरीक्षकांची तपासणी आणि नोकऱ्यांतील आरक्षण या अटी करारातच लिहा. बाबासाहेबांनी १९४३ मध्ये विचारले होते की खाजगी मालकी असेल तर जनतेच्या रक्षणाच्या अटी कोणत्या? ऐंशी वर्षांनंतरही त्या अटी पूर्णपणे लिहिल्या गेलेल्या नाहीत. त्या लिहून घेणे हे आता आपले काम आहे. पुढची दरवाढीची सुनावणी जाहीर होईल तेव्हा निळा झेंडा घेऊन दारात उभे राहण्याबरोबरच हरकतीचा अर्ज घेऊन सभागृहात बसायलाही शिका!